पाहुण्यांपुरती थंडी

दार उघडले तेव्हा बाहेर टाळ्या चालू होत्या. दोघा हमालांनी शीतगृहाच्या पहिल्या खोलीचे जाड दार रुळावरून बाजूला सरकवले, आतला दिवा लागला, आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या शिष्टमंडळाचे प्रमुख, पांढऱ्या केसांचे एक अदबशीर गृहस्थ, हसतमुखाने आत गेले. मागच्या रांगेच्या कडेला, सफरचंदांच्या क्रेटना पाठ टेकून एक माणूस बसला होता. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, शेजारी थर्मास. इथलाच कोणी कामगार असावा असे समजून प्रमुखांनी त्याला मान लववून अभिवादन केले.

त्याने उत्तर दिले नाही.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा मृतदेह रुग्णवाहिकेत ठेवलेला होता. त्यांना ते आवडले नाही.

"कुणी हलवला?"

"त्या दोघांनी," हवालदार म्हणाला. "व्यवस्थापक म्हणाले, पाहुण्यांसमोर प्रेत बरं दिसत नाही."

दाराबाहेरच्या पायरीवर दोन्ही हमाल डोके धरून बसले होते. एकाचे ओठ अजून फिकट होते.

"ह्यांना काय झालं?"

"चक्कर आली म्हणे. आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढं अंधारी. मोठ्या पाहुण्यांनाही आली, त्यांना खुर्ची दिली. आम्ही आयुष्यभर मढी उचलतो, आम्हाला कधी कुणी खुर्ची दिली नाही."

मेलेला माणूस ट्रकचालक होता. गावात सगळे त्याला 'वकील' म्हणत. काळा कोट त्याने जन्मात घातला नव्हता. पण चहातल्या साखरेपासून सरकारच्या धोरणापर्यंत कशावरही तो वाद घालत असे आणि बहुधा समोरच्याला गप्प करत असे. आदल्या संध्याकाळी सफरचंदांची शेवटची खेप त्यानेच आणली होती. त्याचा ट्रक अजून आवारात उभा होता.

"सरळ आहे, मॅडम," हवालदार म्हणाला. "आत अडकला, गारठून मेला."

"सरळ असेल तर फार वेळ लागणार नाही. तुम्ही आत जा आणि दार लावून घ्या."

"मी?"

"मी बाहेर उभी आहे ना."

हवालदार गेला. दार बंद झाले. लगेचच आतून मूठ ढकलल्याचा खटका ऐकू आला आणि तो बाहेर आला.

"लोण्यासारखं उघडतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, बाहेर पडण्यासाठी ढकला. चित्रासकट. आणि वकिलाला वाचता येत होतं."

फौजदारबाईंनी थर्मास हलवून पाहिला. निम्मा भरलेला होता. मग बाही वर करून त्यांनी एका क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला. वरची फळे गार होती. मधली कोमट होती, आदल्या दिवशीच्या उन्हाची ऊब अजून त्यांच्यात होती. त्यांनी हात बाहेर काढला आणि रुमालाला पुसला.

व्यवस्थापकाच्या खोलीत काचेच्या पेटीत सबस्टेशनचे एक लहानसे प्रारूप ठेवले होते. पुठ्ठ्याच्या इमारती, तारांचे खांब, कापसाची झाडे. खोलीतला पंखा मात्र थांबून थांबून फिरत होता.

"शीतगृह कधीपासून चालू आहे?"

"उद्घाटनापासून."

"आणि आवारातला जनरेटर? ट्रेलरवर आहे. चाकांखाली दगड लावलेत. म्हणजे तो मुक्कामाला आलेला नाही."

व्यवस्थापकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो मध्यमवयीन, नीटनेटका माणूस होता. खोटे बोलण्याची त्याला सवय होती, पण हौस नव्हती.

"मॅडम, इथं वीज येते ती ह्या पंख्यापुरती. सबस्टेशन दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिला टप्पा वापरात दिसल्याशिवाय दुसऱ्याचं कर्ज मिळत नाही. आणि सबस्टेशनशिवाय पहिला टप्पा वापरता येत नाही."

"मग?"

"मग पाहुणे येतात तेव्हा आम्ही वापरतो. जनरेटर भाड्यानं आणायचा, बागायतदार फळं आणून देतात, दाखवून झालं की परत नेतात. आम्ही ह्याला पाहुणचार म्हणतो."

तो थोडासा हसला, आणि हसू तिथेच विरले.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"माहीत नसलेला माणूस दाखवा."

"थंडी केव्हा चालू केली?"

"पहाटे. डिझेल काय फुकट येतं? पाहुण्यांच्या हाताला गार लागलं म्हणजे पुरे. रात्रभर चालवायची गरज नाही, तशी मी सक्त ताकीद दिली होती."

"वकिलाचं काय म्हणणं होतं?"

"खरं सांगून टाका. आधी वीज द्या, मग कोठार बघा, असं बँकेला तोंडावर सांगा. तीही माणसंच आहेत, समजून घेतील. मी म्हटलं, बाबा रे, ती माणसं आहेत, पण त्यांच्या अटी माणसं नाहीत. ऐकेल तर ना. मागच्या भेटीत प्रमुखांच्या गाडीपुढं आडवा झाला. पोलिसांकडून समज द्यावी लागली. तेव्हापासून पाहुणे असले की त्याला फाटक बंद."

"तरी काल आत आला."

"ट्रक कमी पडले. आणि काल पाहुणे आले नव्हते."

"तो आत लपलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असतं तर कान धरून बाहेर काढला असता. निदान दुसऱ्या खोलीकडं पाहुण्यांना नेलं असतं. ऑपरेटर सकाळी तेच म्हणत होता, दुसरी दाखवा. पण पहिली दाराजवळ पडते, आणि प्रमुखांचे गुडघे दुखतात."

इथे पाहुण्यांची भाषा बोलता येणारा व्यवस्थापक हा एकच माणूस होता. पाहुण्यांचा जबाब घेताना फौजदारबाईंना त्याचीच मदत घ्यावी लागली. प्रमुखांना फार वाईट वाटत होते. त्यांनी दोनदा विचारले की मृताला मुले आहेत का. नव्हती.

बागायतदारांच्या संघाचे अध्यक्ष, ज्यांना सारे तात्या म्हणत, आवारात क्रेट मोजणाऱ्या माणसावर खेकसत होते. फौजदारबाईंना पाहून ते गप्प झाले.

"भरसभेत तुम्ही वकिलाला काय म्हणालात?"

"तोंड उघडलंस तर जीभ हासडीन, असं म्हणालो. पन्नास माणसांनी ऐकलंय, नाही कशाला म्हणू?"

"एवढा राग?"

"राग कसला, भीती." तात्यांनी एक सफरचंद उचलून बोटाने दाबले. फळ दबले. "सीमेवर ट्रकांची रांग लागते. रांगेत फळ शिजतं. व्यापारी येतो आणि निम्म्यानं मागतो, कारण त्याला ठाऊक आहे, आमच्याकडं ठेवायला जागा नाही. जागा आहे हो, ही बघा केवढी राजवाड्यासारखी. वीज नाही. वकील खोटं बोलत असता तर मी हसून सोडून दिलं असतं. तो खरं बोलत होता, म्हणून भ्यालो."

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"इथंच, क्रेट रचून घेत होतो. तो म्हणाला, तात्या, तुम्ही जा, दमलात, मागची रांग मी लावतो. मला वाटलं, सुधारला पोरगा."

"आणि तुम्ही गेलात."

"गेलो. घरी जाऊन गाढ झोपलो, मॅडम. हेच डोक्यातून जात नाही."

यंत्रघरात जाताना हवालदाराने फाटकावरच्या रखवालदाराची हकिकत सांगितली. "डोळ्याला डोळा लागला नाही म्हणतो. जनरेटर रात्रभर धडधडत होता. त्याला आम्ही रखवालदार म्हणतो, पण मूळ तक्रार झोपमोडीची."

फौजदारबाई चालता चालता थांबल्या. "रात्रभर?"

"दिवेलागणीपासून."

यंत्रघरातली बहुतेक यंत्रे अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये होती, कडांना निळी पट्टी चिकटवलेली. मधल्या बाकावर ऑपरेटर बसला होता. सडसडीत माणूस, डोळे लाल झालेले. तो उठून उभा राहिला.

"वकील तुमचा कोण?"

"मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. जेवायला आमच्याकडंच असायचा."

"तुम्ही प्रेत पाहिलंत?"

"नाही. जनरेटर सोडून हलता येत नव्हतं. गाडीत ठेवल्यावर कळलं."

"रात्रभर जनरेटर कशासाठी चालू होता?"

"भाड्याचा आहे. ऐन वेळी दगा देतात. म्हणून तापवून बघितला."

"यंत्रांवरचं प्लास्टिक का काढलं नाही?"

"वापरच नाही. काढलं की धूळ बसते, आणि काही बिघडलं तर आमच्या अंगावर येतं."

फौजदारबाई कोपऱ्यातल्या यंत्राजवळ गेल्या. त्यावरही प्लास्टिक होते, पण निळी पट्टी नव्हती. ते सुतळीने बांधलेले होते. आत लाल आकडे चमकत होते. सत्तावीस.

"हे काय आहे?"

"खोलीतली हवा बदलायचं यंत्र. प्राणवायू कमी केला की फळ महिनोन्महिने टिकतं. ते शिकायला मला दुभाष्याबरोबर परदेशात पाठवलं होतं. पण चालवलं कधीच नाही."

"हा आकडा?"

"खोलीतल्या प्राणवायूचा. मनाला येईल ते दाखवतं, मॅडम. घेतल्यापासून तपासायला कुणी आलेलं नाही. खरेदीला कर्ज होतं, देखभालीला नव्हतं."

"आणि सुतळी?"

"उंदीर शिरतात."

"बाकीच्या यंत्रांत शिरत नाहीत?"

"हे कोपऱ्यात आहे ना."

फौजदारबाईंनी मान डोलावली आणि त्या बाहेर पडल्या.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. वरिष्ठ नेहमी बोलण्याआधी घसा साफ करीत.

"काय ठरलं?"

"अजून काही नाही, साहेब."

"असं करू नका. कामावरचा अपघात म्हणालात तर बँकेच्या मुख्यालयाची चौकशी लागते. करार वर्षभर लोंबकळतो. सगळ्या खोऱ्याचं फळ रस्त्यावर. घुसखोर होता, स्वतःच्या चुकीनं मेला, असं बसत असेल तर बघा."

"आणि तसं नसेल तर?"

"तर जे असेल ते लवकर असू द्या."

डॉक्टरांनी हात झटकले. गारठल्याच्या खुणा नव्हत्या, मार नव्हता, विष सापडले नव्हते. "शरीर काही सांगत नाही, मॅडम. झोपेतून उठवायचं राहून गेल्यासारखा दिसतो."

"एक विचारू? साध्या हवेत प्राणवायू किती असतो?"

"एकवीस टक्के. शाळेत शिकवतात."

"विसरले होते," फौजदारबाई म्हणाल्या.

ऑपरेटरचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मृताची बहीण भिंतीला टेकून बसली होती. शेजारणी उठून बाहेर गेल्या. तिने फौजदारबाईंना बसायला चटई टाकली, आणि मग एकदम विचारले.

"त्याला किती वेळ लागला?"

"कशाला?"

"मरायला. थंडीत." तिचा आवाज सपाट होता. "लहानपणापासून त्याला थंडी सोसायची नाही. आई गेल्यावर माझ्या पाठीला पाठ लावून झोपायचा. दुसरा स्वेटर मीच दिला. ताई, सीमेवर गारठा असतो, म्हणाला. मी म्हटलं, टोपी पण घे. मीच सगळं बांधून दिलं आणि मीच पाठवला."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणून काय झालं? तो कुडकुडत असेल तेव्हा मी इथं पांघरुणात होते. एवढंच सांगा, किती वेळ? मला तेवढं कळलं की बास. मग रडेन."

फौजदारबाईंनी विषय वळवला. "तुमचे यजमान काय म्हणतात?"

"ते मघाशी येऊन गेले. म्हणाले, त्याला थंडी वाजलीच नाही. गुंगी आली तसा झोपला, काही कळलंही नाही त्याला. मी म्हटलं, उगाच मन राखू नका. तर माझ्या गळ्याची शपथ घेतली. ते शपथ कधी घेत नाहीत." तिने मान वर केली. "खरं आहे का, मॅडम?"

फौजदारबाई चटईवरून उठल्या.

"उद्या सकाळी यंत्रघरात या," त्या म्हणाल्या. "सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रघरात सहाजण होते. व्यवस्थापक खिडकीशी उभा होता, तात्या एका उलट्या क्रेटवर बसले होते, ऑपरेटर आपल्या बाकावर. त्याची बायको दाराजवळ थांबली. आत या म्हटले तरी आली नाही. हवालदार तिच्या मागे होता.

"वकील आपल्या पायांनी आत गेला," फौजदारबाई म्हणाल्या. "मागची रांग रचली आणि तिच्याआड बसला. पाहुणे आले की उठून खरं काय ते सांगायचं, एवढाच त्याचा बेत होता. थंडी पहाटे चालू करतात हे त्याला माहीत होतं, म्हणून दोन स्वेटर आणि चहा. आता दार आतून उघडतं. हवालदारांनी उघडून दाखवलं. थंडी असह्य झाली असती तर तो बाहेर आला असता. निदान चहा तरी प्याला असता. चहा निम्मा उरला. का?"

तात्या क्रेटवर सावरून बसले.

"कारण थंडी सुरू होण्याआधीच तो निजला होता. सफरचंदं मध्यापर्यंत गार झाली नव्हती. फळ गारठत नाही तिथं माणूस गारठून मरत नाही. मग जे हमाल आत गेले त्यांना चक्कर का आली? पाहुण्यांना का आली? प्रेत बघून? हमालांनी तोवर प्रेत पाहिलंही नव्हतं. आत पाऊल टाकताच अंधारी आली, असं ते म्हणाले. त्या खोलीत हवा होती, पण श्वासाला पुरेल अशी नव्हती."

तात्यांनी व्यवस्थापकाकडे पाहिले.

"जनरेटर दिवेलागणीपासून चालू होता. थंडी पहाटेपासून. मधल्या वेळात त्यावर काय चालत होतं? ह्या खोलीतल्या एका यंत्राची पट्टी निघालेली आहे आणि त्याला नवी सुतळी बांधलेली आहे. ते चालवणं व्यवस्थापकांना येत नाही. तात्यांना येत नाही. ज्याला शिकायला पाठवलं होतं, अशा एकालाच येतं."

"मी तापवून बघत होतो," ऑपरेटर म्हणाला. "जनरेटर."

"तेही मी मानलं असतं. यंत्र चालवलं आणि आत कोण आहे हे माहीत नव्हतं, असं म्हणाला असतात तर तेही मानावं लागलं असतं. पण तुम्ही मला सांगितलंत, यंत्र कधी चालवलंच नाही. आणि त्याच दुपारी घरी जाऊन बायकोला सांगितलंत, त्याला थंडी वाजली नाही, गुंगी आली आणि झोपला. अख्खं गाव त्याला गारठून मेला म्हणत होतं. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. तुम्ही तर प्रेतही पाहिलं नव्हतं. तरी तुम्ही शपथ घेतलीत. तुमचं सांत्वन खरं होतं. ते खरं आहे हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक असणार."

त्याच्या बायकोने दाराची चौकट धरली.

ऑपरेटरने दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवले. "मारायचं नव्हतं, मॅडम," तो म्हणाला. "झोपवायचं होतं."

"सांगा."

"दाराच्या खिडकीतून बॅटरी मारली, रोजची पाहणी. मागं कानटोपी दिसली. बाहेर ओढला असता तर फाटकावरच्यांनी ठाण्यात दिला असता, ह्या वेळी नुसती समज नव्हती. आणि तसाच ठेवला असता तर सकाळी पाहुण्यांपुढं उभा राहिला असता. सबस्टेशन गेलं असतं. माझा पगार कधीचा त्या दुसऱ्या टप्प्यात अडकलाय. सगळ्यांचंच सगळं अडकलंय. प्रशिक्षणात सांगितलं होतं, चौदावर माणूस पेंगतो, त्याखाली धोका. मी चौदावर थांबवलं. रात्रभर समोर बसून होतो, आकडा हलू दिला नाही. पाहुण्यांना दुसरी खोली दाखवून वाटेला लावलं की दार उघडून त्याला काढणार होतो. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या. पुढच्या खेपेला दुसरं काहीतरी केलं असतं त्यानं."

"आता काय आकडा दिसतोय तिथं?"

तो वळला. "सत्तावीस."

"खोलीचं दार कालपासून सताड उघडं आहे. आत साधी हवा आहे. साध्या हवेत एकवीस असतो."

ऑपरेटर आकड्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले. तो वजाबाकी करत होता.

"सहा जास्त दाखवतं," फौजदारबाई हळू म्हणाल्या. "तुमचे चौदा म्हणजे आठ होते."

"मी तपासायचं पत्र दिलं होतं," तो व्यवस्थापकाकडे वळून म्हणाला. आवाजात आरोप नव्हता, जणू कुणीतरी हे कधीतरी सांगायला हवे होते एवढेच. व्यवस्थापक खिडकीबाहेर पाहू लागला.

फौजदारबाई दाराकडे गेल्या. "तुम्ही मला विचारलं होतं. तुमच्या भावाला थंडी वाजली नाही. भीतीही वाटली नसेल. त्याला कळलंच नाही."

बहिणीने मान हलवली. एवढे ऐकले की रडेन, असे ती म्हणाली होती. पण ती रडली नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"काल सकाळी मी डबा घेऊन आले," ती म्हणाली. "विचारलं तुम्हाला, ट्रक इथंच उभा आहे, वकील घरी आला नाही, कुठाय. तुम्ही म्हणालात, येईल."

"मला वाटलं, येईल," तो म्हणाला.

वरिष्ठांनी या वेळी घसा साफ केला नाही. "उत्तम. एका दिवसात. म्हणजे घरगुती प्रकरण."

"घरगुती नाही, साहेब. तो माणूस काय सांगायला आत बसला होता, ते..."

"मेहुण्यानं मेहुण्याला मारलं. ह्याला घरगुती नाही म्हणत तर काय म्हणतात? आरोपपत्रात विजेला आरोपी करणार आहात?"

"मी अहवालात सगळं लिहिणार आहे."

"लिहा की. लिहू नका असं कोण म्हणतंय? माझ्याकडं पाठवा." ते क्षणभर थांबले. "आणि एक. उद्या करारावर सह्या आहेत. कामावरचा अपघात नाही म्हटल्यावर बँकेची हरकत उरली नाही. फक्त त्यांना एक खोली चालू स्थितीत बघायची आहे, आणि ती चालवणारा माणूस तुमच्या कोठडीत. तुम्हाला आरोपीकडून प्रात्यक्षिक करून घ्यायचंच असेल ना? ते उद्या सकाळी घ्या. बेड्या नकोत. साध्या वेशातली माणसं ठेवा."

फौजदारबाई म्हणाल्या की हे बरोबर नाही. वरिष्ठ म्हणाले की त्यांनाही ते आवडत नाही. दोघेही खरे बोलत होते, आणि त्याने काही बदलले नाही.

दुसऱ्या खोलीपुढे पुन्हा तीच माणसे जमली. जनरेटर धडधडू लागला. ऑपरेटरने कळ दाबली, गार हवेचा झोत दाराबाहेर आला, आणि शिष्टमंडळातल्या एकाने कोटाची बटणे लावली. ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंना हवालदार आणि आणखी एक शिपाई नव्या शर्टात अवघडून उभे होते. तात्या मागे होते. त्यांनी कुणाकडेच पाहिले नाही.

प्रमुख ऑपरेटरसमोर थांबले आणि त्यांनी सौम्यपणे काही विचारले.

"विचारतात," व्यवस्थापक म्हणाला, "हे वर्षभर असंच चालतं का?"

"नाही," ऑपरेटर म्हणाला. "वर्षभर बंद असतं. वीज नाही. तुम्ही आलात की चालतं. त्यांना सांगा, माझा मेहुणा हेच सांगायला आत बसला होता, आणि मी त्याला मारलं."

व्यवस्थापक प्रमुखांकडे वळला. मग तो त्या परक्या भाषेत बोलू लागला आणि बराच वेळ बोलला. ऐकता ऐकता प्रमुखांचा चेहरा हळवा होत गेला. त्यांनी ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय सांगितलंत?" फौजदारबाईंनी विचारले.

"सांगितलं की चालतं." व्यवस्थापक खाली पाहत होता. "आणि हा मृताचा नातेवाईक आहे. घरात दुःख असूनही कामावर आलाय."

फौजदारबाई पुढे झाल्या. प्रमुखांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि शब्द तोडून तोडून, मोठ्याने बोलल्या, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे. "साहेब, तो नाही म्हणाला. हे चालत नाही. हा जनरेटर भाड्याचा आहे. तुम्हाला सगळं खोटं सांगितलं जातंय." त्यांनी जनरेटरकडे बोट दाखवले, व्यवस्थापकाच्या खोलीतल्या काचेच्या पेटीच्या दिशेने दाखवले, तारा नसलेल्या रिकाम्या खांबाकडे दाखवले.

प्रमुखांनी अतिशय लक्ष देऊन ऐकले. एकही शब्द त्यांना कळला नव्हता, पण त्यांनी मध्ये अडवले नाही. मग ते व्यवस्थापकाकडे वळले.

व्यवस्थापक तात्यांकडे एकदा पाहून थोडक्यात काहीतरी म्हणाला.

प्रमुखांनी फौजदारबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात बोलत राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"तुमचे आभार मानताहेत," व्यवस्थापक म्हणाला. "म्हणतात, अशा प्रामाणिक अधिकाऱ्यांमुळंच त्यांना इथं कर्ज देताना विश्वास वाटतो."